दुसरी साक्ष

मळणी चालू असेपर्यंत अंघोळ करायची नाही, हा गावभर मळणीचं मशीन फिरवणाऱ्या साहेबरावांचा नियम होता. सोयाबीनचा भुसा अंगावर बसतो तो असा बसतो की भुवया, कानाच्या पाळ्या, नाकातले केस सगळं एका रंगाचं होतं, आणि गळ्याच्या घामात कालवून त्याचा लेप तयार होतो. आज धुतला तर उद्या पुन्हा तोच. मग पाणी कशाला वाया घालवा? सुगीचे वीस-बावीस दिवस साहेबराव तोंडावरून ओला हात फिरवत आणि जेवायला बसत. शेवटचं शेत झालं, की बंबभर पाणी तापवून, दगडानं घासून, एकदाच. त्या दिवशी त्यांच्या बायकोला, मालनबाईंना, मोरीत दोनदा काठी घालावी लागे.

हाच नियम त्यांनी बाप्तिस्म्यालाही लावला होता.

गाव कालव्याच्या कडेला, वडीगोद्रीपासून जीपनं पंधरा मिनिटांवर. गावात ख्रिस्ती घरं अकरा, आणि त्या अकरा घरांत बाप्तिस्मा न झालेला म्हातारा एकच. साहेबरावांच्या आजानं मिशनच्या काळात पाणी घेतलं. बापाला ते पाळण्यातच मिळालं. साहेबराव पाळण्यात आले तेव्हा मात्र बापाचं आणि तेव्हाच्या पाद्रीबुवांचं चर्चमागच्या चिंचेवरून वाजलं. चिंचा कुणी झोडायच्या, एवढाच मुद्दा होता. पोराला पाणी लागायचं राहून गेलं. पुढं चिंच वादळात पडली, पाद्रीबुवा बदलून गेले, आणि साहेबराव कर्ते झाले तेव्हा त्यांना कुणीतरी दोन गोष्टी सांगितल्या. एक, बाप्तिस्म्यानं पापांची क्षमा होते. दोन, बाप्तिस्मा आयुष्यात एकदाच. साहेबरावांनी दोन्हींची बेरीज केली. वस्तू एकदाच मिळणारी आहे, मग ती तरुणपणी का खर्चायची? पाप करायची उमर अजून पुढं पडली आहे.

बेरीज बरोबर दिसत होती. चाळीस वर्षं ती कुणी तपासली नाही.

ह्या बेरजेची झळ मालनबाईंना बसली. महिन्याच्या पहिल्या रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजन असे. भाकरीच्या तुकड्यांचं ताट बाकावरून सरकत येई. बाप्तिस्मा नाही, म्हणून साहेबराव त्याला हात लावत नसत. दोन बोटांनी ते मालनबाईंकडं सरकवत, सोयऱ्याच्या लग्नात पोट भरलेला माणूस वाढप्याला पुढं ढकलतो तसं. वर्षाला बारा वेळा, चाळीस वर्षं. मालनबाईंनी मोजलं नव्हतं, पण प्रत्येक वेळी त्यांची मान खाली गेली होती.

ह्या वर्षी सुगीच्या तोंडाला साहेबरावांच्या छातीत कळ आली. जालन्याच्या डॉक्टरनं तीन नळ्या बंद दाखवल्या. संभाजीनगरला ऑपरेशन ठरलं, येत्या मंगळवारी. डॉक्टरनं काम बंद सांगितलं होतं, ते साहेबरावांनी ट्रॅक्टर मुलाच्या, सुमितच्या, हातात देऊन, स्वतः मशीनपाशी उभं राहून पाळलं. आणि मळणी संपत आली असं मनाशी धरून त्यांनी पाळकबाईंना निरोप धाडला.

*

गुरुवारी पाळकबाई स्कूटीवरून थेट, मशीन लागलं होतं त्या रामरावांच्या शेतात आल्या. प्रीती त्यांचं नाव, वय तिशीच्या आसपास, सात गावांची चर्चं बघत. साडीचा पदर कमरेला खोचून, तोंडाला ओढणी बांधून त्या भुशाच्या लोटात शिरल्या.

"काका, जरा मशीन बंद करता का?"

"बंद केली तं रामराव मला बंद करील. आभाळ बघा ना. इकडं या, टायराच्या सावलीला."

परवाच एक सर येऊन गेली होती. अजून येणार असं मोबाईल सांगत होता, आणि ज्याच्या शेतात सोयाबीनची गंजी उभी होती तो माणूस दिवसातून वीस वेळा वर बघत होता. सुमितनं मशीनच्या तोंडात पेंढ्यांचा घास घालायला घेतला. साहेबराव टायराला पाठ लावून बसले.

"रविवारी करून टाका बाई. मंगळवारी मला चिरणार हायेत. उघडल्यावर आतून काय निघंल म्हाईत न्हाई. त्याच्या आत सगळं धुऊन निघालं पायजे."

"काय धुऊन निघालं पायजे?"

"पापं. दुसरं काय? भुसा तं मी धुतो."

"मंग इतके दिवस कामून थांबले?"

साहेबरावांनी अभिमानानं आपला नियम सांगितला. मळणी, भुसा, शेवटची अंघोळ. पाळकबाई आधी ऐकत राहिल्या, मग ओढणीच्या आत हसायला लागल्या.

"काका, तुमचं गणित चुकलं. बाप्तिस्मा एकदा असतो, क्षमा एकदा नसती. ती रोजची हाये. बाप्तिस्मा झालेला माणूस पुन्हा चुकतो, पुन्हा मागतो, पुन्हा मिळती. पाणी म्हंजी नवा जन्म झाल्याची खूण. जन्म एकदाच झाला म्हून तुम्ही पुन्हा अंघोळच केली न्हाई का?"

साहेबरावांनी हातातली सोयाबीनची शेंग फोडली. दाणे बघितले.

"म्हंजी आधीच घेतला असता तरी चाललं असतं?"

"आधीच घ्यायचा असतो."

"चाळीस वर्सं ते ताट मी उगंच पुढं सरकवलं?"

"हो."

"अन् मला कुणी सांगितलं न्हाई!"

"तुम्ही कुणाला विचारलं होतं?"

साहेबरावांनी दाणे तोंडात टाकले.

"बरं. रविवारी धा वाजता," पाळकबाई उठत म्हणाल्या. "पाण्याच्या आधी तुम्हाला साक्ष द्यावी लागंल."

साहेबराव चावायचे थांबले. "साक्ष? कुठं?"

"सगळ्यांसमोर. मी कसा होतो, काय चुकलं, कुणीकडं वळलो, ते आपल्या तोंडानं सांगायचं. मोठ्या माणसाच्या बाप्तिस्म्यात असतंच ते."

"लिहून घेता का?"

"काका, मी जमादार हाये का?"

त्या सहज बोलल्या होत्या. पण साहेबरावांच्या तोंडावर भुशाखाली जो रंग होता तो उतरला, एवढं त्यांना दिसलं. त्या पुन्हा बसल्या.

"अन् एखादी गोष्ट सांगायची राह्यली तं?" साहेबरावांनी जमिनीकडं बघत विचारलं. "पाणी लागू पडंल का न्हाई?"

"मी पाणी अडवणार न्हाई काका. ही काय लायकी बघून द्यायची वस्तू न्हाई. देव माफ करतो ते तुमच्या साक्षीच्या बदल्यात न्हाई, फुकट करतो. पण एक सांगते. मूठ आवळून पाण्यात उतरलात तं मुठीतलं कोरडंच राहातं. मंग मला म्हणू नका, हितं पाणी पोचलं न्हाई."

स्कूटी बांधावरून उड्या मारत गेली. रामराव गंजीवरून ओरडले, "काय साहेबा, स्वर्गाचं तिकीट निघालं का? एखादं जास्तीचं असंल तं बघ!"

साहेबराव हसले नाहीत. रामरावांना ते नवल वाटलं.

*

साहेबरावांनी आयुष्यात आत्तापर्यंत एकच साक्ष दिली होती.

सहा वर्षांखाली, अशीच सुगी. भुजंगरावांच्या शेतात मळणी चालू होती. मशीनच्या तोंडावर पत्र्याचं एक लांब झाकण असतं. त्यामुळं घास घालणाराचा हात आतल्या फिरत्या दातांपर्यंत पोचत नाही. ते झाकण साहेबरावांनी सुगीच्या आधी कापून निम्मं केलं होतं. घास मोठा बसतो, दिवसाला एक शेत जास्त निघतं. घास घालता घालता भुजंगरावांचा उजवा हात पेंढीबरोबर आत गेला. बाहेर आला तेव्हा त्याला अंगठा होता, आणि तळहाताचा थोडा भाग.

दोन दिवसांनी पोलीस ठाण्याचे जमादार पंचनामा करायला आले. शेतापर्यंत गेले, पण लिहायला पुलावर कल्याण नावाच्या गड्याच्या चहाच्या हॉटेलात बसले, कारण तिथं टेबल होतं. निम्मं गाव चहा पीत होतं. झाकणाचा प्रश्न येणार हे साहेबरावांना दिसत होतं. तो यायच्या आत त्यांनी सांगून टाकलं, "साहेब, त्यांच्या तोंडाला वास येत होता."

मग झाकणाचं कुणी विचारलंच नाही. भुजंगरावांचं विम्याचं प्रकरण त्या एका ओळीवर परत आलं. पण ते पुढचं. भुजंगराव माळकरी होते. वीस वर्षं गळ्यात तुळशीची माळ, देवळात रोज हरिपाठाला हजर. माळ काढ असं त्यांना कुणीही म्हटलं नाही. दवाखान्यातून आल्यावर ते हरिपाठाला जाऊन बसले, तर शेजारी बसलेला माणूस जरासा पलीकडं सरकला. एवढंच. दुसऱ्या दिवशी भुजंगरावांनी डाव्या हातानं माळ काढली आणि घरात भिंतीतल्या देवळीत ठेवली.

*

संध्याकाळी मालनबाई भाकरी थापत होत्या. साहेबराव चुलीपाशी पाय पोटाशी घेऊन बसले.

"बाई म्हणती, साक्ष द्या."

"द्या मंग."

"काय सांगू?"

मालनबाईंनी भाकरी तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला. "मला कामून विचारता? मी काय तिथं नव्हते?"

"तू भाकर घेऊन नंतर आल्ती."

"आधी आल्ते. हात जायच्या आधी. भुजंगभाऊनं माझ्या तांब्यातलं पाणी पेलं, वरून, माझ्यासमोर. मंग तुम्ही पेलं." त्यांनी भाकरी उलटली. "वास कुणाच्या तोंडाला होता ते मला तव्हापासून म्हाईत हाये."

चुलीत काटकी तडकली. साहेबरावांनी ती आत सारली. त्या दिवशी पहाटेपासून उभं राहून पाय दुखत होते म्हणून त्यांनी दुपारी टपरीच्या मागं जाऊन एक क्वार्टर रिचवली होती. भुजंगरावांनी दोनदा म्हटलं होतं, साहेबा, मशीन जरा हळू घे. ते हळू घ्यायच्या अवस्थेत नव्हते. नंतर त्यांनी दारू सोडली, कायमची. हे त्यांनी आपल्या बाजूला जमा धरलं होतं.

"सहा वर्सं बोलली न्हाईस."

"तुम्ही बोलाल म्हून वाट बघून राह्यले. आपल्या तोंडाचा वास तुम्ही त्याच्या तोंडाला लावला. भुजंगभाऊची द्वारकाबाई नळावर माझ्या शेजारी हंडा लावती अन् माझ्याकडं बघत न्हाई. मी तिला कोणत्या तोंडानं बोलू?" त्यांनी भाकरी टोपल्यात टाकली. "गरम हाये तवर खा."

साहेबरावांनी खाल्ली. चव लागली नाही, पण दोन खाल्ल्या; माणूस कितीही पश्चात्तापात असला तरी दिवसभर मशीनवर उभा होता.

*

शुक्रवारी सकाळी त्यांनी सुमितला न विचारता ट्रॅक्टर काढला, मागं मशीन जोडलं आणि भुजंगरावांच्या शेताची वाट धरली. डोक्यात हिशेब तयार होता. भुजंगराव सहा वर्षं बाहेरगावचं मशीन बोलावतात. ह्या वर्षी ते मशीन आठ दिवस झाले आलेलं नाही. दोन एकरांची गंजी ताडपत्रीखाली अडकली आहे. आपण जायचं, गंजी काढून द्यायची, चार शब्द बोलायचे. माणूस नाही कसा म्हणेल?

गाडीवाटेवर द्वारकाबाई उभ्या होत्या. हातात विळा, डोक्याला फडकं.

"मागं घ्या."

"वहिनी, आभाळ बघा. आज निघाली न्हाई तं..."

"आभाळ सहा वर्सांपासून बघून राह्यलो आम्ही. मागं घ्या म्हणते ना."

ट्रॅक्टरला मशीन जोडलेलं असताना अरुंद वाटेवर मागं घेणं म्हणजे काय, ते ज्यानं घेतलं त्याला विचारावं. साहेबरावांनी दोनदा प्रयत्न केला, दोन्ही वेळा मशीन तिरपं होऊन बांधाला लागलं. द्वारकाबाई बघत राहिल्या. शेवटी गंजीकडून आवाज आला, "मशीन तिथंच राहू दे. माणसाला येऊ दे."

भुजंगराव ताडपत्री उचलून खालची ओली पेंढी वर काढत होते. डाव्या हातानं पेंढी धरायची, उजव्या हाताच्या अंगठ्यानं आणि मनगटानं ती उलटी करायची. गंजीतून गरम वाफ आली, आंबूस वासाची. तळाच्या काही शेंगांतून पांढरे कोंब बाहेर आले होते.

साहेबराव जवळ जाऊन उभे राहिले. बसा कुणी म्हटलं नाही.

"भुजंगराव, त्या दिवशी वास तुमच्या तोंडाला नव्हता. माझ्या होता."

भुजंगरावांनी पुढची पेंढी उचलली. "बरं."

"बरं म्हंजी?"

"म्हंजी काय? मी पिलो होतो का न्हाई ते तू मला सांगायला आला? मला म्हाईत न्हाई का?" त्यांनी पेंढी झटकली. ओला भुसा साहेबरावांच्या पायावर पडला. "ज्याला म्हाईत न्हाई त्याला सांग."

"सांगणार हाये ना. रविवारी बाप्तिस्मा हाये माझा. त्याच्या आधी साक्ष देतात. चर्चात सगळ्यांसमोर सांगतो."

"तुमच्या चर्चात कोण असतंय? अकरा घरं. त्यातले निम्मे तुझे सोयरे." भुजंगराव पहिल्यांदा सरळ उभे राहिले. "पहिली साक्ष कुठं दिल्ती?"

"पुलावर."

"मंग?"

एवढंच बोलून ते पुन्हा वाकले.

साहेबराव ट्रॅक्टरवर चढले. अर्धा तास लागला मशीन सरळ करून बाहेर काढायला. द्वारकाबाईंनी एकदाही "डावीकडं घ्या" म्हटलं नाही, पण तिसऱ्या खेपेला मागचं चाक खड्ड्यात जाणार तेव्हा चाकाला जागा मिळावी म्हणून त्या वाटेतून बाजूला झाल्या. तेवढं त्यांनी केलं.

*

शनिवारी साहेबरावांनी दोन कामं केली. मशीन वडीगोद्रीला नेऊन वेल्डरकडून तोंडावर पुरं झाकण बसवून घेतलं. वेल्डर म्हणाला, "मामा, लोक कापायला आणतेत, तुम्ही जोडायला आणलं." आणि पाळकबाईंना फोन लावला.

"बाई, पाणी चर्चात नको. पुलाखाली कालव्याच्या चारीला पाणी सुटलंय, तिथं करा."

"बुडवून पायजे का? काका, तुमची छाती..."

"बुडवा न्हाई तं तांब्यानं घाला, मला त्याचं काही न्हाई. जागा पुलाचीच पायजे."

मग पाळकबाई म्हणाल्या, "गुडघाभर पाण्यात उभं राहा. मी तांब्या आणते."

"बाई, एक विचारू? आधी धुतलं जातं अन् मंग तोंड उघडतं, का आधी तोंड उघडतं मंग धुतलं जातं?"

"ते मलाबी अजून बराबर कळलं न्हाई काका," त्या म्हणाल्या. "पण मी पाह्यलंय, दोन्ही एकाच माणसाला होतं."

*

रविवारी दहा वाजता कल्याणच्या हॉटेलात नेहमीपेक्षा जास्त माणसं होती, कारण जमीन ओली, आभाळ भरलेलं आणि मशीनवाला पाण्यात उतरणार होता. चारी पुलाला लागून, हॉटेलच्या बाकड्यांवरून सरळ दिसणारी. अकरा घरांतली माणसं काठावर उभी राहिली. पाळकबाईंनी पांढरा झगा गुडघ्यापर्यंत वर खोचला होता. मालनबाईंच्या हातात टॉवेल, कोरडं धोतर आणि गोळ्यांची पुडी.

गाणं झालं. पाळकबाई म्हणाल्या, "साहेबराव काका साक्ष देतील."

साहेबराव चर्चच्या माणसांकडं पाठ करून हॉटेलकडं तोंड करून उभे राहिले. काठावर कुजबूज झाली. त्यांचे पाय पाण्यात होते आणि धोतर पोटऱ्यांना चिकटलं होतं.

"मी..." मशीनच्या आवाजावर बोलणारा माणूस, आणि शांततेत त्याला बोलता येईना. त्यांनी खाकरलं. "सहा वर्सांखाली ह्या कल्याणच्या टेबलावर मी साक्ष दिल्ती. भुजंगरावच्या तोंडाला वास येतो म्हून. तुमच्यातले बरेच जण होते. ती खोटी होती. ते बिलकुल पेलेले नव्हते. मी पेलो होतो. मशीनचं झाकण मी कापेल होतं. ते हळू घे म्हणत होते, मी घेतलं न्हाई. त्यांचा हात माझ्यामुळं गेला. अन् त्यांनी माळ काढली तीबी माझ्यामुळं."

मग बाकड्यावरून रामरावांचा आवाज आला, "सहा वर्सं लागली उतरायला! कोणती पिल्ती रे साहेबा?"

हॉटेल हसलं. चांगलं खदखदून हसलं. अकरा घरांतली दोन पोरंही हसली. साहेबरावांचे कान तापले. खाली बसावं, पाण्यात तोंड घालावं असं त्यांना वाटलं, पण ते उभे राहिले, आणि म्हणाले, "कोणती पिल्तो ते आठवत न्हाई. माळ तेवढी आठवती."

रामराव अजून हसत होते. हसता हसता त्यांचं तोंड तसंच राहिलं. हरिपाठाला भुजंगरावांच्या शेजारी कोण बसायचं ते त्यांना आठवलं असावं. पलीकडं कोण सरकलं तेही. त्यांनी चहाचा कप टेबलावर ठेवला आणि त्याच्या आत बघत राहिले. त्यांचं हसणं थांबलं तसं बाकीच्यांचंही थांबलं. गावात हसणं कुणाच्या तरी मागंच चालतं.

पाळकबाईंनी विचारायचं ते विचारलं. पापाकडं पाठ फिरवता का? फिरवतो. ख्रिस्तावर भरवसा ठेवता का? ठेवतो. त्यांनी तांब्या चारीत बुडवला, आणि घालायच्या आधी हळूच म्हणाल्या, "काका, मूठ."

साहेबरावांनी खाली बघितलं. दोन्ही मुठी आवळलेल्या होत्या, नखं तळव्यात रुतली होती. त्यांनी बोटं उघडली. एकेक करून उघडावी लागली.

पित्याच्या नावानं एक तांब्या, पुत्राच्या नावानं दुसरा, पवित्र आत्म्याच्या नावानं तिसरा. पाणी थंड होतं. टाळूवरून कानामागं, मानेवरून पाठीत गेलं. छाती धडधडली, पण ती कळ नव्हती. चारीच्या पाण्यात सुगीचा वीस दिवसांचा भुसा सुटला आणि पुलाखालून वाहत गेला. चारीवर पुढं ज्यांची भिजवण होती त्यांच्या शेतात तो गेला असणार.

मालनबाईंनी टॉवेल डोक्यावर टाकला आणि सगळ्यांदेखत नवऱ्याचं डोकं पुसलं, लेकराचं पुसावं तसं खसाखसा. डोळे स्वतःचे पुसले नाहीत. टॉवेल एकच होता.

"साहेबा!"

पुलाच्या दुसऱ्या टोकाला सायकल धरून भुजंगराव उभे होते. केव्हापासून उभे होते कुणाला माहीत नव्हतं.

"झालं का तुझं?"

"झालं."

"दुपारून पाऊस सांगितलाय." भुजंगरावांनी सायकल वळवली. "मशीन आण."

*

कोरडं धोतर नेसायला साहेबराव थांबले नाहीत. सुमितनं ट्रॅक्टर चालवला, मालनबाई आणि पाळकबाई स्कूटीवरून मागं आल्या. आणि सगळ्यांच्या मागून, कुणी न बोलावता, रामराव आले. ते थेट गंजीवर चढून पेंढ्या खाली द्यायला लागले. बराच वेळ त्यांनी एकही विनोद केला नाही. पाळकबाईंना वाटलं त्यांना बरं नसावं.

ह्या वेळी गाडीवाट मोकळी होती.

मशीन लागलं, पट्टा चढला. भुजंगरावांनी आधी नव्या झाकणात डावा हात खांद्यापर्यंत घालून बघितला. दातांपर्यंत पोचला नाही. मग ते साहेबरावांसमोर येऊन उभे राहिले.

"तोंड उघड."

"आँ?"

"उघड म्हणतो ना."

सहासष्ट वर्षांच्या साहेबरावांनी, नुकत्याच झालेल्या बाप्तिस्म्याच्या ओल्या अंगानं, सगळ्यांसमोर आ केला. भुजंगरावांनी नाक जवळ नेलं, नीट वास घेतला, दोनदा. गंजीवर रामराव दम धरून होते.

"न्हाई येत," भुजंगराव म्हणाले. सुमितकडं वळून हात केला. "कर चालू. अन् साहेबा, मंगळवारच्या आपरेशनातून नीट वाचून ये. पुढच्या सुगीला दुसरं मशीन कुठं हुडकत बसू?"

"थांबा," द्वारकाबाई म्हणाल्या.

त्या घराकडून चालत आल्या होत्या. पदराच्या टोकात काहीतरी होतं. त्यांनी ते सोडलं. तुळशीची माळ, सहा वर्षं देवळीत राहून काजळी चढलेली.

भुजंगराव तिच्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, "आत्ता नको. सगळा भुसा बसंल. मळणी होऊ दे, अंघोळ करतो, मंग बघू. महाराजाला विचारावं लागंल."

"काढली तव्हा महाराजाला विचारलं होतं का?"

भुजंगरावांनी इकडं-तिकडं बघितलं, आणि नेमकी त्यांची नजर साहेबरावांवर पडली.

"थांबू नका भुजंगराव," साहेबराव म्हणाले. "मी चाळीस वर्सं थांबलो. भुसा रोजचाच हाये."

पाळकबाईंनी एकदम तोंड दुसरीकडं वळवलं. मालनबाई पुढं झाल्या. भुजंगरावांच्या डोक्यावरची टोपी त्यांनी वर धरली, द्वारकाबाईंनी माळेची गाठ मारली. गाठ मारून झाल्यावर दोघींनी एकमेकींकडं बघितलं. द्वारकाबाई म्हणाल्या, "हंडा आणला का ग बरोबर? च्याला पाणी लागंल."

सुमितनं मशीन चालू केलं. भुजंगरावांनी डाव्या हातानं पहिली पेंढी झाकणात सारली. पलीकडून भुसा उडाला तो वाऱ्यानं फिरला आणि दोघांवर बसला. माळेवर जरा कमी, ओल्या डोक्यावर जरा जास्त.